झाकणाखालचा दिवा

संपादक मंडळातल्या एका ज्युनिअरचा निरोप आला, "सर, मराठी विभागासाठी काहीतरी लिहा, पण प्लीज करिअर गायडन्स नको." शेवटची अट वाचून जीव भांड्यात पडला. माजी विद्यार्थी परदेशातून लेख पाठवतो म्हटलं की 'संधी आणि आव्हाने' असलं काहीतरी येणार अशी धास्ती आमच्या वेळीही असायची. तेव्हा मित्रांनो, निर्धास्त राहा. मी एका दिव्याबद्दल लिहिणार आहे. पंचवीस वॅटचा, अंगठ्याच्या पेराएवढा, आणि राहतो कुठे तर शेगडीच्या पोटात.

ओळख थोडक्यात. मेकॅनिकल, २००६ ची बॅच, हॉस्टेल बी ब्लॉक, तिसरा मजला, पाण्याच्या टाकीशेजारची खोली. सध्या मुक्काम मिनेसोटा, म्हणजे अमेरिकेचा वरचा, थंडीने काकडणारा भाग. इथे घराच्या मागच्या अंगणात ग्रिल ठेवायची पद्धत आहे. आमच्याकडे आहे ते पेलेट ग्रिल. तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं नसेल, म्हणून आधी यंत्र सांगतो. (व्हायवाची सवय. आधी कन्स्ट्रक्शन, मग वर्किंग.)

लाकडाचा भुसा दाबून खडूच्या तुकड्यांसारख्या गोळ्या करतात, साधारण सहा मिलिमीटर जाडीच्या. त्यांना पेलेट म्हणतात. वेगळा डिंक लागत नाही, लाकडातलं लिग्निनच दाबाने आणि उष्णतेने मऊ होऊन भुशाला धरून ठेवतं. ओक, मेपल, चेरी, सफरचंद, हिकरी अशा झाडांच्या पेलेट मिळतात. ग्रिलच्या बाजूला एक पेटी, ती हॉपर. हॉपरच्या तळाशी ऑगर, म्हणजे आपला स्क्रू कन्व्हेयर. ऑगर सावकाश फिरत पेलेट एका लोखंडी वाटीत ढकलतो. त्या वाटीत इग्निशन रॉड लाल होऊन त्या पेटवतो, पंखा हवा मारतो, आणि आत बसवलेला आरटीडी कंट्रोलरला तापमान कळवत राहतो. तापमान उतरलं की जास्त पेलेट, चढलं की कमी. झालं! आपण थर्ड इयरला क्लोज्ड लूप सिस्टिमची जी चौकटी-चौकटींची आकृती घोटून काढली होती ती इथे चाकं लावून अंगणात उभी आहे. ऑरेगन राज्यातल्या माउंट एंजल नावाच्या छोट्या गावात जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात हे ग्रिल तयार केलं. १९८६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, २००६ मध्ये ते संपलं, आणि मग इतर कंपन्यांचीही ग्रिलं बाजारात आली.

आता दिवा. काही मॉडेलमध्ये आतल्या भिंतीत एक दिवा असतो, जाड काचेच्या टोपणाखाली. आमच्यात उजव्या भिंतीत आहे. बटण कंट्रोलरवर. घेताना मला तो निव्वळ दुकानदारी वाटला होता. कारण सरळ आहे. बहुतेक पेलेट ग्रिलच्या झाकणाला खिडकीच नसते! झाकण लोखंडी, बंद. मग आत दिवा जळतोय की नाही हे बघणार कोण? फ्रिजमधल्या दिव्याचाच मामला. झाकण बंद असताना त्याचा उजेड कोंबडीलाच.

पण इथे डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेचार म्हणजे हॉस्टेलवर शेवटचं प्रॅक्टिकल संपवून आपण टपरीवर जायचो ती वेळ. रात्रीच्या जेवणासाठी जे काही भाजायचं ते सगळं अंधारात, वजा पंधरात, हातमोजे घालून. आणि या यंत्राची सगळी मेहनत झाकणाखाली कोंडलेल्या गरम हवेवर चाललेली असते. मेसमध्ये मामा भाताच्या पातेल्याचं झाकण उघडू द्यायचे नाहीत, आठवतं का? वाफ गेली की भात गेला. तेच इथे, फक्त इथे वर एक कंट्रोलरही बसलाय. झाकण उघडलं की गरम हवा एका दमात वर निघून जाते. आरटीडीला वाटतं, आग विझली की काय! तो पेलेट ओततो. झाकण लागलं की त्या जादा पेलेट पेटतात आणि तापमान ठरवल्यापेक्षा वर उडी मारतं. ओव्हरशूट. हे मी कंट्रोलरच्या आकड्यांवरून घड्याळ लावून पाहिलंय. एका संध्याकाळी सेट केलं होतं १२० अंश. टॉर्च तोंडात धरून, सेन्सरची सुई कुठे खुपसली होती ते शोधत झाकण मिनिटभर उघडं राहिलं. आकडा ७५ वर आला आणि जागेवर यायला त्याला बारा मिनिटं लागली, तेही १४० पर्यंत जाऊन. दुसऱ्या आठवड्यात तशीच थंडी, तेवढाच माल, पण आतला दिवा लावून. दोन तुकडे उलटले, सुई बघितली, झाकण लावलं. पंधरा सेकंदं. आकडा शंभराच्या खाली गेलाच नाही.

तेव्हापासून या दिव्याबद्दल माझं मत बदललं. तो आत बघत बसण्यासाठी नाहीच. झाकण लवकर बंद करता यावं म्हणून आहे. कपाळावर बांधायची ट्रेकिंगची टॉर्चही जवळजवळ तेवढंच काम करते हे कबूल, आणि ज्यांच्या ग्रिलमध्ये दिवा नाही त्यांनी त्यासाठी नवीन ग्रिल मुळीच घेऊ नये. फक्त टॉर्चचा झोत समोरून धुरावर आदळतो आणि पांढरा पडदा दिसतो. भिंतीतला दिवा बाजूने उजेड टाकतो, त्यामुळे धुरातूनही तुकड्यांच्या कडा दिसतात. धुक्यात गाडीचा हाय बीम आणि लो बीम, त्यातला प्रकार.

गेल्या वर्षी अण्णा, म्हणजे माझे वडील, सहा महिने आमच्याकडे होते. वीज मंडळात लाइनमन म्हणून नोकरी झाली. माण तालुक्यातलं आमचं गाव, ऊन आणि खांब या दोन गोष्टींत त्यांचं आयुष्य गेलं. इथे आल्यावर दोन दिवसांत त्यांनी ग्रिलचा ताबा घेतला. लाकडाचा धूर म्हटल्यावर गडी खूश. पहिलं वांगं त्यांनीच भाजलं. इथली वांगी नारळाएवढी. पेलेट ग्रिलमध्ये ज्योत थेट लागत नाही, त्यामुळे साल गॅसवर करपते तशी करपत नाही. पण दोनशे अंशांवर पाऊण तास ठेवलं की वांगं आतून बसतं आणि धुराचा वास गरापर्यंत मुरतो. वांगं बसलं की नाही हे दिव्याच्या उजेडात झाकण किलकिलं करून एका नजरेत कळतं. भरीत असं झालं की बायकोने त्या दिवशी चपात्या सोडून भाकरी थापल्या.

भांडण झालं ते चिकनवरून.

अण्णांचं म्हणणं, कोंबडी शिजली की नाही हे नजरेनं कळतं. "रंग बघायचा. पन्नास वर्सं बघतूय की." मी म्हणायचो, अण्णा, सुई टोचून बघू. इथल्या कृषी खात्याचा नियम आहे, कोंबडीच्या मांसात आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस, म्हणजे १६५ फॅरनहाइट, आलं पाहिजे, आणि रंगावर विसंबू नका असं ते स्पष्ट सांगतात. धुरात शिजवलेल्या मांसाचं तर गणित आणखी उलटं. लाकडाच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडमुळे मांसातलं रंगद्रव्य गुलाबी होऊन बसतं, पूर्ण शिजलं तरी कडेला गुलाबीच दिसतं. म्हणजे गुलाबी दिसलं तर कच्चं असेलच असं नाही, आणि तपकिरी दिसलं तर शिजलंच असंही नाही. अण्णा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमचं कॉलेजातलं शिक्षन."

एका शनिवारी त्यांनी झाकण उघडलं, दिव्यात बघितलं, म्हणाले, "झालंय. काढा." तंगड्या खरंच सुंदर तपकिरी दिसत होत्या. माझा मुलगा सहा वर्षांचा, ताटली घेऊन दारातच उभा. मी सुई टोचली. हाडाजवळ ५८. अण्णांनी स्वतः आकडा वाचला. चष्मा वर करून पुन्हा वाचला. काही बोलले नाहीत. मग ताटलीत काढलेली एक तंगडी घेऊन आत गेले, स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली धरली. तिथे ती फिकट पिवळी होती.

लाइनमन तो लाइनमन. बाहेर येऊन त्यांनी पहिला संशय घेतला तो दिव्यावर. झाकण उघडून दिव्याच्या काचेकडे बोट केलं. "आरं, ह्याची काच बघ की. चहा झालाय नुसता." खरंच, काचेवर तेलकट धुराची तपकिरी साय चढली होती. सलग तीन शनिवार मंद आचेवर भरपूर धूर करून भाजकाम चाललं होतं. लाकूड पूर्ण न जळता धुमसलं की डांबरासारखी वाफ निघते, ती गार जागी जाऊन चिकटते, त्यात चरबीचे शिंतोडे. त्या काचेतून येणारा उजेड म्हणजे चहाच्या ग्लासातून बघणं. सगळी कोंबडी आपोआप खरपूस! दिवा बंद असता तर अण्णा फसलेच नसते, कारण मग त्यांनी तुकडा आत नेऊनच बघितला असता.

त्यात आणखी एक गोष्ट मला त्या रात्री सुचली आणि मी ती दोन दिवस बोललो नाही. अण्णांनी अलीकडे पांढरा शर्ट धुवायला परत टाकायला सुरुवात केली होती, "पिवळा राहिलाय" म्हणून. शर्ट पांढराच असायचा. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं-तपकिरी होतं आणि माणसाला ते कळत नाही, कारण सगळं जगच सावकाश पिवळं होत जातं. परत गेल्यावर साताऱ्यात तपासलं, दोन्ही डोळ्यांत निघाला. ऑपरेशनं झाली. फोनवर म्हणाले, आकाश एवढं निळं असतं हे विसरलो होतो. असो. तो वेगळा विषय, पण त्या घाणेरड्या काचेचा हा एक उपकार मानावा लागतो.

काच साफ करायची वेळ आली तेव्हा मी कपाटातून ओव्हन क्लीनरची बाटली काढली. अण्णांनी ती वास घेऊन बाजूला ठेवली. ग्रिल गार होऊ दिलं, प्लग काढला (सवयीने दोनदा तपासलं), टोपणाची काच फिरवून सोडवली. मग जाळवाटीतली राख चहाच्या गाळणीतून चाळून घेतली. ओल्या वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर चिमूटभर राख, आणि गोल गोल. पाच मिनिटांत काच लख्ख. शाळेत असताना रोज दिवेलागणीला कंदिलाची काच पुसायचं काम त्यांच्याकडे होतं, त्या काचेखाली बसून ते मॅट्रिक झाले. काजळी राहिली की अक्षर दिसायचं नाही आणि काच फुटली की आजीचा मार. हे सगळं काच घासता घासता ऐकलं.

यात केमिस्ट्री आहे बरं का. लाकडाच्या राखेत पोटॅशियम आणि कॅल्शियमचे कार्बोनेट असतात. ओली राख अल्कधर्मी होते, चरबी अल्कलीत सुटते. आपल्या आयांनी भांडी राखेने घासली ती उगाच नाही. चाळणं मात्र हवंच, नाहीतर खडा राहून काचेवर ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी काजळी त्या ओरखड्यांतच घट्ट बसते. आणि गरम काचेला ओलं फडकं कधीच लावू नका. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की काय होतं ते घरच्या मोठ्यांना विचारा.

दुसरा किस्सा नाताळच्या सुट्टीतला. घरी चौदा माणसं जेवायला. बाहेर वजा अठरा, आदल्या दिवशी बर्फ पडून गेलेला. ग्रिल लावलं, तीन मिनिटांत बंद. रिसेट केलं, पुन्हा बंद. इथे अंगणातल्या सॉकेटला गळती करंट पकडणारं संरक्षण असतं. आपल्याकडे घरात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवतात, इथलं पाचच्या आसपासच उडतं. म्हणजे जरा ओल आली की फट्. चिकनचे ट्रे तोवर घरातल्या ओव्हनमध्ये कोंबले, गाजर हलव्याचा ट्रे बाहेर काढून. बायकोच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही.

अण्णांनी कानटोपी घातली आणि बाहेर आले. लाइनवरचा फॉल्ट शोधतात तसा शोधला. एकेक लोड काढायचा आणि परत चालू करायचं. सगळ्यांना इग्निशन रॉडवर संशय असतो, कारण बहुतेक वेळा गुन्हेगार तोच. रॉड काढला, तरी उडालं. पंखा काढला, उडालं. ऑगरची मोटर, उडालं. दिव्याचा कनेक्टर काढला आणि यंत्र गुपचूप चालू राहिलं. होल्डरच्या मागे बर्फाचं पाणी उतरलं होतं, तिथे चरबी आणि राखेचा चिखल, त्यातून करंट बॉडीला गळत होता. पंचवीस वॅटचा दिवा, आणि त्याने सगळी शेगडी बंद पाडली! त्या रात्री दिव्याशिवायच भाजलं, मुलाने टॉर्च धरली. पण परत पेटवण्याआधी अण्णांच्या हाती चमचा देऊन जाळवाटी रिकामी करायला लावली. दोन-तीन वेळा अर्धवट सुरू झाल्यामुळे वाटीत न जळलेल्या पेलेटचा ढीग साचला होता. तो ढीग एकदम पेटला की झाकण उडेल इतका भडका होऊ शकतो. आणि इथे दिव्याचा काही उपयोग नाही हे लक्षात ठेवा. जाळवाटी चरबीच्या पत्र्याखाली दडलेली असते, वरच्या दिव्यात ती दिसतच नाही. आगीची बातमी तापमानाचा आकडा आणि धुराड्यातला धूर देतो. दाट पांढरा-पिवळा धूर आणि उतरता आकडा दिसला की झाकण उघडून डोकवायचं नाही, बंद करून गार होऊ द्यायचं.

पुढच्या उन्हात होल्डर सोडवून सुकवला, कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासले, मागच्या फटीत उष्णता सोसणारं सीलंट भरलं. आता बर्फाच्या आधी कव्हर घालतो.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा प्रश्न मला ऐकू येतोय, एलईडी का नाही? माझ्या ऑफिसमधल्या एकाने हौसेने बसवला होता, दोन महिन्यांत गेला. एलईडीचा ड्रायव्हर बघा. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ८५ किंवा १०५ अंशांचे, आणि दर दहा अंश वाढीला आयुष्य साधारण निम्मं. दोनशे अंशांच्या भिंतीत तो कसा टिकणार? ज्या ग्रिलमध्ये कंपनीनेच एलईडी दिलाय तिथे तो गरम भागापासून लांब किंवा झाकणाच्या हँडलला असतो, तो चांगला टिकतो. आत मात्र फिलामेंटच हवा. टंगस्टनची तारच अडीच हजार अंशांच्या घरात तापलेली, तिला दोनशे-अडीचशेचं काय कौतुक! उलट हॅलोजनचं चक्र नीट चालायला बल्बच्या भिंतीला अडीचशेच्या वर तापमान लागतंच. मरतो तो बल्ब बुडाशी. साध्या बल्बचं कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, म्हणून ओव्हनसाठीचाच, ३०० अंश लिहिलेला बल्ब घ्यायचा. अमेरिकेत २०२३ पासून घरगुती वापराच्या बहुतेक फिलामेंट बल्बची विक्री बंद झाली, पण उपकरणांतले हे बल्ब त्यातून वगळलेत, त्यामुळे मिळतात. हॅलोजन बसवताना बोट लावू नका, कागदाने धरा. घामातलं मीठ क्वार्ट्झच्या काचेवर राहिलं की तिथेच ती आंधळी होते आणि तडकते.

मी दोन बल्ब जास्तीचे आणून ठेवलेत, पेलेटच्या पिशवीशेजारी, कोरड्या डब्यात. डब्यावर अण्णांनी जाण्यापूर्वी स्केचपेनने तारीख घातलीय, मंडळात स्टोअरचा माल मोजून ठेवायचे तशी. काच दर तिसऱ्या भाजणीनंतर पुसायची, हेही त्याच डब्यावर. राखेचा डबा वेगळा आहे, गाळणीही वेगळी घेतली आहे, कारण चहाची गाळणी परत मागितली गेली.